ढसाळांची भाषा आणि करडीची शाळा

२०१४ सालच्या जानेवारी महिन्यात सहा दिवसांच्या अंतराने दोन कवींचे निधन झाले. ९ जानेवारीला अमेरिकेतील नेवार्क शहरात अमिरी बराका गेले आणि १५ जानेवारीला मुंबईत नामदेव ढसाळ गेले. पहिला कृष्णवर्णीय अमेरिकेचा कवी, दुसरा महाराष्ट्रातील दलितांचा. दोघांनीही कवितेबरोबर चळवळ उभी केली. दोघांनीही आपापल्या भाषेतील सभ्य वाचकाची झोप उडवली. दोघांच्याही राजकारणाने त्यांच्या चाहत्यांना वेळोवेळी अडचणीत टाकले. आणि ज्या व्यवस्थेला त्यांनी शिव्याशाप दिले तिनेच अखेर दोघांना मानाची वस्त्रे देऊ केली.

ढसाळांवर मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा ग्रंथ जर्मनीत पोहोचला, इंग्रजीत पोहोचला, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत पोहोचला. परंतु भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात करडी नावाचे गाव आहे. सभोवती धानाची शेती, वैनगंगेचे खोरे, आणि घराघरांत बोलली जाते ती झाडीपट्टीची बोली. तेथील शाळेत शिकविणाऱ्या गुरुजींना, तेथून रोज तालुक्याच्या कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला, किंवा भंडाऱ्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कामाठीपुऱ्याच्या या कवीचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर असे की, ढसाळांचा वारसा विद्रोहाच्या घोषणेपुरता नाही. तो प्रामुख्याने भाषेवरील हक्काचा आहे. ज्या मुलाची घरची बोली शाळेच्या उंबरठ्यावर 'अशुद्ध' ठरते, त्या प्रत्येक मुलाशी या वारशाचा संबंध पोहोचतो.

जुने नाते

महाराष्ट्रातील अस्पृश्यांचे दुःख आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःख यांचे नाते पँथरांनी प्रथम शोधले, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली होती. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या थोर कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली. दोन समाजांच्या प्रश्नांतील साम्य त्यांनी त्या पत्रात स्पष्टपणे नोंदवले होते. पुढे प्रा. म. ना. वानखेडे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी १९७८ मध्ये त्या साहित्याचा आणि संस्कृतीचा परिचय करून देणारा स्वतंत्र ग्रंथच मराठीत लिहिला.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर ही संघटना जन्मली तेव्हा तिने १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून आपले नाव घेतले. म्हणजे नाव उसने असले तरी नाते शंभर वर्षांचे होते. संघटनेच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दाची व्याप्ती वाढवून तीत अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया या सर्वांचा समावेश केला. ही व्याख्या भंडारा जिल्ह्याला परकी वाटण्याचे कारण नव्हते. याच मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले होते आणि पराभूत झाले होते. अवघ्या दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, शेजारच्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि पूर्व विदर्भातील गावागावांत तिचे पडसाद उमटले.

गोलपिठ्याचा कवी

नामदेव लक्ष्मण ढसाळ यांचा जन्म १५ फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, पूर-कनेरसर येथे, महार कुटुंबात झाला. वडील पोटासाठी मुंबईत खाटकाच्या दुकानात राबत होते. मुलगा लहानपणीच त्यांच्यामागून मुंबईला आला आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरात, गोलपिठ्याच्या आजूबाजूच्या वस्तीत वाढला. वेश्या, दलाल, हातभट्टीवाले, भिकारी, हमाल, फकीर हे त्याचे शेजारी. पुढे त्याने टॅक्सी चालवली, आणि टॅक्सीवाल्याला शहर जसे रात्रंदिवस उलटसुलट दिसते तसे ते त्याला दिसले.

१९७२ साली 'गोलपिठा' हा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना होती विजय तेंडुलकरांची. मध्यमवर्गीय जगण्यातील हिंसा रंगभूमीवर उघडी करणाऱ्या या नाटककारानेही या कवितेतील जग आणि तिच्यातील कित्येक शब्द आपल्याला अनोळखी असल्याचे मोकळेपणाने सांगितले. ही कबुली महत्त्वाची आहे. एकाच शहरात राहणाऱ्या, एकच मातृभाषा सांगणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला दुसऱ्याच्या शब्दांचा अर्थ विचारावा लागतो, याचा अर्थ त्या भाषेतील एक मोठा भाग आजवर छापखान्याबाहेरच राहिला होता.

'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले', 'तुही इयत्ता कंची', 'खेळ', 'गांडू बगीचा', 'या सत्तेत जीव रमत नाही' असे त्यांचे संग्रह पुढील दोन दशकांत आले. १९९९ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २००४ मध्ये साहित्य अकादमीने आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. २००७ मध्ये दिलीप चित्रे यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांचा ग्रंथ आला आणि जगाच्या नकाशावर या कवीची जागा निश्चित झाली. स्नायू दुर्बल करणाऱ्या मायस्थेनिया ग्रेव्हिस या व्याधीशी ते अनेक वर्षे झुंजत होते. शेवटी कर्करोगाने त्यांचा अंत केला.

बोली गोड असते तोवर

मराठीने बोलीला कधी जवळ केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५२ साली बहिणाबाई चौधरींची गाणी प्रसिद्ध झाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने खानदेशातील त्या निरक्षर शेतकरी स्त्रीला डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच झाले. परंतु बोलीतील कविता जोवर मायाळू, सोसणारी आणि शहाणपणाची असते तोवर ती आपल्याला गोड वाटते. तीच बोली जाब विचारू लागली की आपल्याला तिच्यातले अपशब्द दिसू लागतात, हे 'गोलपिठा'च्या स्वागतावरून ध्यानात आले. या संग्रहावर अश्लीलतेचा आक्षेप घेणाऱ्यांनी हे पाहिले नाही की, त्यातील शिवी कवीने बाहेरून आणलेली नव्हती. जे जगणे त्या वस्तीवर लादले गेले होते त्याचे नावच ते होते. घाणीला सुगंधी नाव देण्याचे कवीने नाकारले, एवढाच त्याचा गुन्हा.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवितेनेही हीच वाट तुडवली आहे. लँगस्टन ह्यूज यांनी १९२६ आणि १९२७ मधील आपल्या पहिल्या दोन संग्रहांत ब्लूज या लोकगीतांचा बाज आणि रस्त्यावरच्या कष्टकऱ्यांची भाषा आणली. त्यांतील दुसऱ्या संग्रहावर अत्यंत कठोर टीका केली ती कृष्णवर्णीय समाजातीलच सुशिक्षितांनी. गोऱ्यांसमोर आपल्या समाजाचे हे असे चित्र मांडले जाऊ नये, असे त्यांना वाटत होते. वर चढलेल्या माणसाला आपल्या मागे राहिलेल्या आळीची भाषा ऐकवत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. बराकांनी १९६३ साली 'ब्लूज पीपल' या ग्रंथात या संगीताचा इतिहास हाच आपल्या लोकांचा इतिहास म्हणून मांडला, आणि माल्कम एक्स यांच्या हत्येनंतर १९६५ मध्ये हार्लेममध्ये रंगशाळा काढून कविता थेट वस्तीत नेली.

ढसाळांनी शिव्या लिहिल्या म्हणून ते मोठे नव्हेत. नुसत्या शिव्या लिहिणारे त्यांच्यामागून पुष्कळ आले आणि विसरलेही गेले. त्यांच्या कवितेत संतांच्या अभंगाचा ठसका, लोककथेतील अद्भुत, शाहिरी आवेश, मुंबईची हिंदी-उर्दू आणि ग्रांथिक मराठीतील अवजड शब्द एकाच ओळीत नांदतात. प्रमाणभाषा त्यांना येत नव्हती असे नव्हे. ती येत असूनही त्यांनी तिला एकटीला सिंहासनावर बसू दिले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.

कवी आणि माणूस

अशा कवीचे पुतळे करण्याची घाई होते, आणि तेथेच त्याचे वाचन थांबते. ढसाळांच्या बाबतीत हा धोका टाळायचा तर त्यांच्या आयुष्यातील विसंगती लपवून चालणार नाही. १९७४ साली वरळीची दंगल झाली, पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मृत्युमुखी पडले, आणि त्याच वर्षी संघटना राजा ढाले व ढसाळ यांच्यातील मतभेदांनी दुभंगली. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ढसाळांनी इंदिरा गांधींवर स्तुतिपर दीर्घ कविता प्रसिद्ध केली. पुढे ज्या शिवसेनेशी पँथर रस्त्यावर लढले तिच्याशी त्यांची जवळीक झाली आणि तिच्या मुखपत्रात त्यांनी स्तंभलेखन केले. त्यांच्या पत्नी, शाहीर अमर शेख यांच्या कन्या आणि स्वतः कवयित्री असलेल्या मल्लिका अमर शेख यांनी १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन लिहिले. पीडितांच्या बाजूने उभा राहणारा कवी घरात कसा वागतो, याची त्यात मांडलेली हकीगत कोणाही भक्ताला अस्वस्थ करील.

बराकांचीही गोष्ट वेगळी नाही. ते न्यू जर्सी राज्याचे राजकवी झाले. परंतु ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यावरील त्यांच्या कवितेत ज्यूंविषयी विद्वेष पसरविणारा निराधार आरोप असल्याचे सांगून वादळ उठले, आणि २००३ मध्ये राज्याने राजकविपदच रद्द केले. त्या आक्षेपात तथ्य होते. तरीही त्यामुळे 'ब्लूज पीपल' खोटे ठरत नाही, जसे स्तुतिकाव्यामुळे 'गोलपिठा' खोटा ठरत नाही. कवीच्या चुका त्याच्या कवितेच्या शेजारी मांडून दोन्ही वाचावे, हीच प्रौढ वाचकाची रीत. मल्लिकाबाईंचे पुस्तकही ढसाळांच्या पुस्तकांइतकेच आपले आहे, कारण बोलू न दिलेल्याने बोलावे हा ढसाळांचाच आग्रह तेथे त्यांच्यावर उलटला आहे.

नाव देण्याचा अधिकार

कवितेने समाज बदलतो काय, हा प्रश्न करडीच्या परिसरात विचारताना एका तारखेपाशी थांबावेच लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. 'गोलपिठा' प्रसिद्ध होऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. पुस्तकांनी हात अडवले नाहीत, हे कटू सत्य मान्य केले पाहिजे.

परंतु त्यानंतर जे घडले ते भाषेच्या दृष्टीनेही विचारात घेण्यासारखे आहे. सुरुवातीचे काही आठवडे या हत्याकांडाला अनैतिक संबंधांतून घडलेला प्रकार असे रूप दिले जात होते. जातीचा उल्लेख गळला होता, जमिनीचा आणि वाटेचा वाद गळला होता, त्या कुटुंबाने मान वर करून जगण्याचा धरलेला हट्ट गळला होता. नोव्हेंबरमध्ये विदर्भात आणि महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर आले तेव्हा घटनेला तिचे नाव मिळू लागले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची आणि दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. दोन्ही न्यायालयांत खुनाचा गुन्हा सिद्ध झाला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मात्र टिकला नाही.

म्हणजे जे घडले त्याला काय म्हणायचे, हाच अखेरपर्यंत वादाचा मुद्दा राहिला. ज्याच्या हाती शब्द असतात तो घटनेला नाव देतो, आणि ते नावच पुढे पंचनाम्यात, बातमीत आणि निकालपत्रात जाते. ढसाळांनी आयुष्यभर हेच सांगितले की, सोसणाऱ्याने आपल्या सोसण्याचे नाव स्वतः ठेवावे. कविता हत्या रोखू शकत नाही. हत्येला दुसरे नाव देणे मात्र ती अवघड करू शकते.

वर्गातील लाल शाई

हा अधिकार कचेरीत किंवा न्यायालयात प्रथम हिरावला जात नाही. तो शाळेत हिरावला जातो. झाडीपट्टीच्या बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, 'श'चा 'स' होतो. पहिलीतील मूल असे बोलले की वर्ग हसतो आणि वहीत लाल रेघ उमटते. मोठेपणी ते मूल शुद्ध बोलायला शिकते किंवा गप्प राहायला शिकते. गप्प राहणाऱ्यांची संख्या किती, हे प्रत्येक अनुभवी शिक्षकाला ठाऊक असते. याच मुलाजवळ बांधी, धुरा, बोडी, पऱ्हे, रोवणा, चुरणा असा धानशेतीचा नेमका शब्दसंग्रह असतो. त्यातील बहुतेक शब्दांसाठी क्रमिक पुस्तकाजवळ शब्द नसतो, पण परीक्षा मात्र पुस्तकाच्या शब्दांची होते.

यावर आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. प्रमाणभाषा न शिकवता गरिबाचे पोर स्पर्धा परीक्षेला कसे बसणार? कचेरीतील अर्ज झाडीबोलीत लिहिला तर तो कोण घेईल? बोलीचे कौतुक करणारे स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळेत घालतात आणि गरिबाला मात्र बोलीतच कोंडून ठेवू पाहतात, असा संशय दलित पालकाला आला तर तो निराधार नाही. बाबासाहेबांनी इंग्रजी सोडली नाही आणि मराठीही सोडली नाही, ही आठवण येथे उपयोगी पडते. ढसाळांनीही प्रमाणभाषेचा त्याग केला नव्हता. तेव्हा प्रश्न एक भाषा काढून दुसरी घालण्याचा नाही. प्रमाणभाषा शिकवावी, कसोशीने शिकवावी, पण ती मुलाजवळच्या भाषेत भर म्हणून शिकवावी, त्या भाषेची शिक्षा म्हणून नव्हे. 'हे चूक आहे' आणि 'पुस्तकात हे असे लिहितात' या दोन वाक्यांत मुलाच्या आयुष्याचे अंतर असते.

या भागात त्या दिशेने काम झालेलेच नाही असेही नाही. साकोली परिसरातील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तिच्या साहित्य संमेलनांची परंपरा उभी राहिली. दंडार आणि खडीगंमत या लोककलांनी तर ही बोली पिढ्यान्‌पिढ्या रंगमंचावर जिवंत ठेवली. उणीव आहे ती एवढीच की, रात्री दंडारीत टाळ्या घेणारी भाषा सकाळी शाळेत अंग चोरून बसते.

ढसाळांचे अनुकरण करू पाहणाऱ्या तरुण कवींनाही येथे एक इशारा घ्यावा लागेल. करडीत बसून कामाठीपुऱ्याची शिवी लिहिणे हे ढसाळांशी इमान राखणे नव्हे. ती त्यांच्या पायाखालची जमीन होती, म्हणून तिच्यात बळ आले. करडीच्या कवीच्या पायाखाली चिखलाची बांधी आहे, कंबरेत वाकून रोवणा करणाऱ्या बायका आहेत, विडी वळणारी बोटे आहेत, आणि याच तालुक्यात घडलेले एक हत्याकांड आहे. त्या जमिनीची भाषा त्याने तितक्याच निर्भयपणे लिहिली, तर ढसाळांचे नाव न घेताही तो त्यांचा वारसदार ठरेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अवघ्या काही महिन्यांत, २०२५ च्या आरंभी, ढसाळांच्या कविता असलेल्या एका मराठी चित्रपटाच्या परीक्षणाच्या वेळी 'कोण नामदेव ढसाळ?' अशी विचारणा झाल्याच्या बातम्या आल्या आणि त्यावर महाराष्ट्रात संताप व्यक्त झाला. संताप रास्तच होता. पण भाषेच्या अभिजातपणाचा पुरावा केवळ शिलालेखांत आणि प्राचीन पोथ्यांत शोधून भागणार नाही. मराठी कोणाकोणाची आहे, या प्रश्नाचे उत्तर ती किती मनमोकळेपणाने देते यावरही तिची थोरवी ठरते. हे उत्तर दिल्लीत ठरत नाही, मुंबईच्या सभागृहातही ठरत नाही. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाकडे पाहून करडीच्या वर्गातील गुरुजी हातातील लाल शाईचे पेन क्षणभर थांबवतात की नाही, यावर ते ठरणार आहे.